बशीची पाठ

तांब्यावर फूल फुलवायचं तर आधी तांबं पुरतं झाकावं लागतं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरात, म्हणजे जुन्या कँटनमध्ये, अठराव्या शतकात रंगीत मीन्याच्या, म्हणजे धातूवर भाजून बसवलेल्या काचेच्या, बश्या, तबकं, पेले तयार होत, त्यांची सुरुवात तिथून व्हायची. तांब्याचा पातळ पत्रा ठोकून बशी घडवायची, घासून लख्ख करायची, तिच्यावर पांढऱ्या काचेच्या बारीक पुडीचा लेप चढवायचा आणि भट्टीत सरकवायची. 800 अंश सेल्सिअसच्या आसपास ती पूड वितळते, तांब्याला घट्ट धरते आणि निवली की गुळगुळीत, अपारदर्शक पांढरी होते. कुंचला हातात येतो तो यानंतर.

पण लेप नुसता वरच्या बाजूला देऊन भागत नाही. भट्टीत तांबं आणि काच दोन्ही फुगतात, निवताना दोन्ही आकसतात, आणि तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. काच एकाच बाजूला असेल तर बशी एका अंगाने भाजलेल्या पापडासारखी वाकते आणि वरची काच तडकून उडते. म्हणून मागच्या बाजूलाही काचेचा थर द्यावा लागतो. मागचा थर पुढच्या थराचा ताण तोलून धरतो, तेव्हा कुठे बशी सपाट राहते आणि फूल शाबूत राहतं.

मला या बश्यांचा नाद लागला तो अर्थातच पुढच्या फुलांमुळे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या चिनी दालनात मी पहिल्यांदा त्या नीट पाहिल्या. तोवर चिनी भांडं म्हटलं की चिनी माती, निळी नक्षी, एवढंच डोक्यात असायचं. आता मात्र मी आधी पाठ शोधते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 साली आपल्या लाखो छायाचित्रांवरचे निर्बंध काढून टाकले, आणि काही वस्तूंची मागची बाजूही तिथे दिसते. रात्री सगळी कामं आटोपली की मी पडद्यावर एकेक बशी उलटून पाहत बसते. पुष्कळ बश्यांच्या पाठीवरही चित्र असतं. फुलांची एखादी डहाळी, एखादं फळ, कधी नुसती एक वेल. टेबलावर ठेवलेल्या बशीची पाठ कोण बघणार होतं? तरी ती रंगवलेली आहे, आणि आळस न करता रंगवलेली आहे.

आपल्याकडे हे नवलाचं वाटायला नको. जयपूरच्या जडावाच्या दागिन्यात खडे पुढे असतात आणि मीना मागे, अंगाला टेकणाऱ्या बाजूला. ल्यायलेल्या बाईखेरीज तो कुणाला दिसत नाही. मात्र जयपूरचं काम वेगळ्या जातीचं. तिथे सोन्यात नक्षी कोरून तिच्या खोलगट भागात मीना भरतात. पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, प्रसिद्ध कामात तांब्यावर बारीक पट्ट्या उभ्या करून कप्पे करतात आणि कप्प्याकप्प्यात रंग ओततात. या दोन्ही पद्धतींत धातू रंगाला कुंपण घालतो. कँटनच्या बशीवर कुंपण नाही. एक रंग दुसऱ्यात मिसळू शकतो, पाकळी गडद गुलाबीपासून पांढऱ्यापर्यंत विरत जाऊ शकते, फुलपाखराच्या पंखावर केसाएवढी रेघ उमटू शकते. काचेने चित्र काढणं म्हणजे काय ते इथे कळतं.

ही पद्धत मुळात चीनची नव्हे. तांब्यावर मीन्याने चित्र रंगवण्याची कला फ्रान्समधल्या लिमोझ गावी पंधराव्या-सोळाव्या शतकात भरभराटली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मप्रचारकांबरोबर अशा वस्तू नजराणे म्हणून पेकिंगच्या दरबारात पोचल्या आणि कांगशी सम्राटाला त्यांची भुरळ पडली. 1661 ते 1722 एवढा प्रदीर्घ काळ राज्य केलेला हा सम्राट. घड्याळं, भूमिती, नकाशे, काच, सगळ्यांत त्याला रस. 1696 मध्ये किलियान श्टुम्फ या जेझुइट पंथाच्या जर्मन धर्मप्रचारकाच्या देखरेखीखाली त्याने दरबारी काचकारखाना उभारला. मीना म्हणजे शेवटी रंगीत काचच, तेव्हा पुढचं पाऊल उघड होतं. पण चित्र रंगवणारे हात हवे होते.

सम्राटाची नजर दरबारातल्या युरोपीय चित्रकारांवर गेली. 1715 मध्ये जुझेप्पे कास्तिल्योने हा तरुण इटालियन चित्रकार पेकिंगला आला होता. मात्तेओ रिपा हा धर्मगुरू आधीपासून तिथे होता. दोघांना मीन्याच्या कामाला बसवण्यात आलं. रिपाने 1716 च्या मार्चमधल्या पत्रात पुढची हकिकत लिहून ठेवली आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कारागिरांच्या गर्दीत बसून हे काम करायचं त्यांच्या मनात नव्हतं. एकदा शिकलो की यातून सुटका नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून दोघांनी ठरवून इतकं वाईट रंगवलं की सम्राट ते पाहून म्हणाला, पुरे. आणि गुलामीतून सुटल्यासारखे ते मोकळे झाले.

ही गोष्ट सहसा गंमत म्हणून सांगतात. मला ती वाचताना त्या खोलीतल्या बाकीच्या माणसांची आठवण येते. कास्तिल्योनेला नाही म्हणायची वाट सापडली. पुढे तो तीन सम्राटांचा चित्रकार झाला, त्याचे घोडे आणि फुलं जगप्रसिद्ध आहेत. त्याच्या शेजारी बसलेल्या चिनी कारागिरांना अशी वाट नव्हती, आणि मीना पुढे नेला तो त्यांनीच. त्याच 1716 मध्ये ग्वांगदोंग प्रांताचा प्रशासक यांग लिन याने कँटनहून मीन्याचे जाणकार कारागीर दरबारात पाठवले. त्यांतल्या दोघांची नावं दप्तरात राहिली आहेत, पान छुन आणि यांग शिज्यांग. परदेशी जहाजं थांबत त्या बंदरात त्यांनी हे तंत्र आधीच आपलंसं केलेलं होतं. 1719 मध्ये ग्रावरो हा फ्रेंच मीनाकारही पेकिंगला येऊन दाखल झाला. कांगशीच्या अखेरच्या वर्षांतले पेले आणि बश्या पाहिल्या की फरक डोळ्यांत भरतो. आधीच्या कामात रंग जरा खरबरीत, मळकट. नंतरच्या कामात पिवळा स्वच्छ, पांढरा नितळ, आणि गुलाबी तर असा की नजर हलत नाही.

त्या गुलाबीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं.

तो सोन्याचा आहे. सोनं तीव्र आम्लांच्या मिश्रणात विरघळवायचं आणि त्यात कथिलाचं क्षार-द्रावण घालायचं. तळाशी जांभळट साका बसतो. सतराव्या शतकात युरोपात ही कृती माहीत झाली, आणि आंद्रेआस कासियुस याच्या नावाने तो रंग आजही ओळखला जातो. हा साका चिमूटभर काचेत मिसळला की सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचभर विखुरतात आणि प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात. उरतो तो माणकासारखा लाल-गुलाबी. सोनं फारच थोडं लागतं, पण ते सोनंच असतं. म्हणजे कँटनच्या बशीच्या काठावर जो सोनेरी मुलामा असतो तो एक, आणि फुलाच्या पाकळीत जे दडलंय ते दुसरं. दुसरं सोनं ओळखू येत नाही, आणि मला तेच जास्त आवडतं.

नुसत्या गुलाबीने मात्र पाकळी होत नाही. तिच्यासोबत अपारदर्शक पांढरा लागतो. चीनमध्ये तो शिसं आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, यांच्या संयोगातून मिळवत. याआधी चिनी मातीच्या भांड्यांवर जे रंग वापरत, हिरवा, वांगी, पिवळा, ते बहुतेक पारदर्शक असत. त्यांचा थर जाड-पातळ करता येई, पण एका रंगातून दुसऱ्या रंगाकडे सरकत जाणं जमत नसे. गाढा पांढरा हाताशी आला आणि कोणत्याही रंगाच्या हव्या तेवढ्या छटा करता येऊ लागल्या. कांगशीनंतर आलेल्या योंगझंग सम्राटाच्या काळात (1723 ते 1735) या कामाची देखरेख त्याचा धाकटा भाऊ यिनशियांग करत असे. 1728 च्या दरबारी नोंदींत राजवाड्यातच तयार केलेल्या 18 रंगांची यादी आहे. त्यात नुसत्या पांढऱ्याचे आणि हिरव्याचे अनेक प्रकार आहेत. परदेशातून येणाऱ्या रंगांवाचून आता अडणार नव्हतं. रंगांची ती यादी मला एखाद्या कवितेसारखी वाचावीशी वाटते.

आणि मग फुलं. मी सपाटीवर, उन्हात वाढले, त्यामुळे चिनी बशीवरचं सगळ्यांत मानाचं फूल, पिओनी, मी पाहिलं ते आधी मीन्यात आणि पुष्कळ नंतर प्रत्यक्षात. भरगच्च, हाताच्या ओंजळीएवढं, ऐश्वर्याचं चिन्ह मानलेलं. थांग राजवटीपासून लुओयांग शहर या फुलासाठी वेडं होतं. बशीवर त्याच्या शेजारी मॅग्नोलियाची पांढरी कळी, जंगली सफरचंदाची फांदी, आणि कुठे कुठे आपली शेवंती. आपलीच, कारण दसऱ्याच्या तोरणात झेंडूबरोबर ती असतेच. पण तिचं जुनं घर चीनच. तिथे ती शरदाचं फूल. कमळ ग्रीष्माचं, पिओनी वसंताची, आणि बर्फात फुलणारी पाच पाकळ्यांची प्लमची फुलं हिवाळ्याची. चारही एकाच बशीवर आली की वर्ष पुरं झालं. ही सोबत वनस्पतिशास्त्राला धरून नाही, एका वेळी ही फुलं कुठल्याही बागेत मिळायची नाहीत. काचेच्या बागेत मिळतात.

योंगझंगच्या काळातल्या फुलांवर मी जीव टाकते, त्याला कारण आहे. सतराव्या शतकात युन शौफिंग नावाच्या चित्रकाराने बाह्यरेषा न काढता नुसत्या रंगाच्या ओल्या छटांनी फुलं रंगवण्याच्या जुन्या रीतीत पुन्हा प्राण ओतला होता. नवे मीन्याचे रंग हाती येताच ती रीत काचेवर उतरली. पांढऱ्या बशीवर एकच फांदी, तीही एका बाजूला कललेली, आणि बाकी सगळी जागा मोकळी. पुढे छ्येनलोंग सम्राटाच्या काळात (1736 ते 1795) हात अधिक सराईत झाला आणि मोकळी जागा संपली. शेकडो फुलं एकमेकांना चिकटून, पार्श्वभूमीचा कणही दिसू न देता. पिवळ्या जमिनीवर कमळांच्या वेली, काठाला सात प्रकारच्या नक्ष्या. त्या कामाचं कौशल्य थक्क करणारं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला त्यात श्वास घ्यायला जागा सापडत नाही. मोकळ्या पांढऱ्यावरची एक फांदी मला पुरते.

चीनमधल्या विद्वानांचं मत याहून कडक होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, 1388 मध्ये, त्साओ चाओ नावाच्या जाणकाराने पट्ट्यांच्या मीनाकामाबद्दल लिहिलं की ही भांडी स्त्रियांच्या खोल्यांत शोभतील, विद्वानाच्या अभ्यासिकेत नव्हेत. पुढची चारशे वर्षं हा सूर फारसा बदलला नाही. रंगवलेल्या मीन्यालाही तीच वागणूक मिळाली. भडक, परकं, बायकी. मला हे वाचून राग येतो. बाईच्या खोलीत रोज हाताळली जाणारी, चहा पिताना उचलली जाणारी वस्तू विद्वानाच्या शाई उगाळायच्या दगडाशेजारी ठेवलेल्या वस्तूपेक्षा कमी कशी ठरते? तिला तर अधिक माणसांचे हात लागलेले असतात.

हातांचाच विचार करायचा तर कँटनला जायला हवं. 1757 पासून पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये या एकाच बंदरात व्यापाराची मुभा होती, 1842 मध्ये ब्रिटनशी झालेल्या नानकिंग तहापर्यंत. नदीकाठी परदेश्यांच्या तेरा वखारी, आणि त्यांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत रेशीम, पंखे, लाखकाम, हस्तिदंत, मीना विकणारी दुकानं. जहाजाचा मुख्य माल चहा. चिनी मातीची भांडी पेट्यापेट्यांनी जात. मीन्याची बशी मात्र जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या खाजगी सामानातून, हौसेने, थोडीथोडी जायची. दुसरीकडे कँटनचे जकात अधिकारी उत्तम नग निवडून पेकिंगला सम्राटाकडे पाठवत. एकाच शहरात, एकाच तंत्राने, राजासाठीही माल निघे आणि खलाशासाठीही.

विल्यम हिकी नावाचा तरुण इंग्रज 1769 मध्ये कँटनला आला होता. नदीपलीकडे भांडी रंगवण्याचं काम चालायचं ते पाहायला त्याला नेलं. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझन गावाहून कोरी पांढरी भांडी तिथे येत आणि मीन्याच्या रंगांनी रंगवली जात. त्याने लिहिलंय की एका लांबलचक दालनात शंभराहून जास्त माणसं कामाला बसली होती. काही अगदी म्हातारी. काही सहा-सात वर्षांची मुलं.

हे वाक्य वाचल्यापासून मी कुठलीही कँटनची बशी निवांतपणे पाहू शकत नाही. काठावरची ती एकसारखी जाळी, ती केसाएवढी रेघ, ती कुणी ओढली? बारीक कामाला लहान बोटं आणि तरुण डोळे बरे पडतात, हे जगातल्या प्रत्येक कारखानदाराला माहीत आहे. रंगात शिसं होतं, सोमल होता. ती पूड दिवसभर खलायची, कुंचल्याचं टोक बारीक करायचं. सहा वर्षांच्या मुलाला पिओनीची पहिली पाकळी देत नसतील. त्याच्या वाट्याला काठ येत असेल, किंवा पाठ.

बशीच्या पाठीवरची ती अनवधानाने सुंदर झालेली डहाळी पाहताना माझ्या मनात हा विचार येतो आणि जात नाही.

कँटनच्या त्या नदीकाठी मुंबईची माणसंही होती. हिरजी जीवनजी रेडीमनी हे 1756 मध्ये चीनला गेलेले पहिले पारशी व्यापारी मानले जातात. जमशेटजी जीजीभॉय 1799 ते 1807 या काळात पाच वेळा गेले. जहाजं इकडून कापूस नेत, आणि पुढे वाढत्या प्रमाणात अफू. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून कँटनकडे जाई. त्यातून उभ्या राहिलेल्या पैशातून आपल्या शहरात इस्पितळं झाली, शाळा झाल्या, माहीमचा कॉजवे झाला. येताना जहाजांनी चहा, रेशीम आणि पारशी घरांतल्या गारा साड्यांचं भरतकाम आणलं. गाऱ्यावर पाहा, तीच पिओनी, तीच शेवंती, तेच करकोचे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. 1922 मध्ये ते खुलं झालं, आणि शाळेच्या सहलींत आपण बहुतेक जण त्या दालनातून घाईघाईने पुढे गेलेलो असतो. त्या काचकपाटांपुढे मी आता रेंगाळते. त्या वस्तूंचा मुंबईपर्यंतचा मार्ग कापसाच्या गाठींनी आणि अफूच्या पेट्यांनी बांधलेला आहे हे माहीत असूनही त्या सुंदर दिसतात, आणि दोन्ही गोष्टी मला एकत्रच बघाव्या लागतात.

या बश्या फुटत नाहीत, हा त्यांचा एक विशेष. चिनी मातीची बशी पडली की तुकडे. तांब्याची बशी पडली तर पत्रा वाकतो आणि त्या जागची काच टवका होऊन उडते. खाली तांबं दिसू लागतं. सुरुवातीला लालसर, मग हवेतल्या ओलाव्याने काळं-हिरवं. काठावर हे सगळ्यात जास्त घडतं, कारण काठ वळलेला असतो आणि हात तिथेच लागतो. जुने दुरुस्ती करणारे अशा जागा रंगाने भरून टाकत. तिरप्या उजेडात बशी धरली की भरलेली जागा निस्तेज पडते, अतिनील दिव्याखाली तर ती लपतच नाही. ज्यांच्याकडे अशी बशी असेल त्यांनी ती गरम पाण्याने धुऊ नये, दमट कपाटात कोंडू नये, आणि टवका उडाला असेल तर घरचा रंग लावू नये. उघडं पडलेलं तांबं हाही त्या बशीच्या आयुष्याचा भाग आहे. माझ्या आवडीच्या एका बशीच्या पाठीला असा टवका आहे, आणि त्याच्याच शेजारी प्लमचं फूल अगदी धडधाकट आहे.

चिनी मातीत एक प्रकार असा आहे ज्यात पाठीला पुढच्याइतकाच मान मिळाला. योंगझंगच्या काळातल्या, अंड्याच्या कवचाइतक्या पातळ बश्या, ज्यांची मागची बाजू काठापासून पार सोन्याच्या गुलाबीने भरलेली असते. त्यांना किंमतच पाठीमुळे मिळते. युरोपातल्या संग्राहकांनी त्यांच्यासाठी वाट्टेल तेवढे पैसे मोजले. तांब्याच्या बश्यांना असं भाग्य लाभलं नाही. दरबारी नगांच्या तळाला सम्राटाची चार अक्षरी मुद्रा असते, कांगशीच्या काळात निळ्या किंवा गुलाबी मीन्यात रेखलेली, त्यामुळे अभ्यासक त्या उलटून पाहतात. कँटनच्या बाजारी बशीला सहसा मुद्रा नसते. कारागिराची सही तर जवळजवळ कधीच नाही. मग ती कपाटात तिरपी उभी केली जाते, फुलं प्रेक्षकाकडे, पाठ भिंतीकडे.

संग्रहालयांनी अशा बशीमागे एक साधा आरसा ठेवावा, अशी माझी मागणी आहे. काही ठिकाणी असं करतात, आणि तिथे लोक खरोखर वाकून बघतात. पाठीवरचा पांढरा थर दिसतो, बशी जिच्यावर टेकते ती कड दिसते, डहाळी दिसते. ओळखपाटीवर काळ, ठिकाण, धातू हे लिहिलेलं असतंच. त्याच पाटीवर आणखी एक ओळ असावी: रंगवणाऱ्यांत मुलंही असत.